नकाशाची रेषा आणि ठशाची रेषा

चित्रकलेच्या चर्चेंत नकाशाला पाट मांडण्याची आपल्याकडे वहिवाट नाहीं. नकाशा हा भूगोलाच्या मास्तरांचा विषय. शाळेच्या भिंतीवर, छडीच्या शेजारीं त्याची जागा. रसिकतेशीं त्याचा काय संबंध, असा आपल्या सुशिक्षित गृहस्थाचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः नकाशा हें मुळांत छापील चित्रच होय. तांब्याच्या पत्र्यावर, चुनखडीच्या दगडावर किंवा जस्तावर कोणी एक कारागीर तें उलटें काढीत असे, शाई लावीत असे, वर कागद दाबीत असे, आणि मग तें सुलटें होऊन लोकांसमोर येत असे. चित्राखालीं चित्रकाराची सही असते, म्हणून आपण सहज विचारतों कीं, हें कोणीं पाहिलें, कोठें उभें राहून पाहिलें, आणि काय पाहावयाचें टाळलें? नकाशाखालीं प्रमाणपट्टी असते, म्हणून हे प्रश्न आपल्याला सुचत नाहींत. परंतु सहीच्या जागीं प्रमाणपट्टी आली एवढ्यानेंच चित्र निःपक्षपाती झालें, असें आम्हांस वाटत नाहीं.

हें विधान आम्ही उगीच करीत नाहीं. कंपनी सरकारचा बंगाल्यांतील पहिला सर्व्हेयर-जनरल जेम्स रेनेल यानें १७८२ सालीं हिंदुस्थानचा जो मोठा नकाशा प्रसिद्ध केला, त्यावर एक शोभेचें कोरीव चित्र आहे. त्यांत पंडितमंडळी आपले धर्मग्रंथ ब्रिटानिया देवीच्या स्वाधीन करीत आहेत. नद्या आणि डोंगर ज्या काळजीनें कोरले, त्याच काळजीनें हें दृश्यही कोरलें आहे. नकाशा कोणाच्या बाजूचा, हें सांगण्याचें काम त्या काळीं निदान शोभेचें चित्र तरी उघडपणें करी. पुढें शास्त्र वाढलें, शोभेचें चित्र गेलें, आणि बाजू तेवढी राहिली.

गेल्या पन्नास वर्षांत जगांतील कांहीं मुद्राचित्रकारांनीं हाच डाव उलटविला आहे. ज्या साधनांनीं नकाशे झाले त्याच साधनांनीं, म्हणजे ठसा, शाई आणि कागद यांनीं, त्यांनीं नकाशाची उलटतपासणी चालविली आहे. आपल्या देशांत या वाटेनें सर्वांत पुढें गेलेलें नांव झरीना हाश्मी यांचें. कलाजगतांत त्या नुसत्या ‘झरीना’ या नांवानेंच ओळखल्या जातात. त्यांचा जन्म १९३७ सालीं अलीगढ येथें झाला. वडील तेथील विद्यापीठांत इतिहासाचे प्राध्यापक. स्वतः झरीनाबाई गणिताच्या पदवीधर. पतीच्या परराष्ट्र खात्यांतील नोकरीमुळें त्या देशोदेशीं हिंडल्या. पॅरिसमध्यें हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेंत आणि पुढें १९७४ मध्यें तोकिओस तोशी योशिदा यांच्याकडे त्यांनीं छापण्याची विद्या संपादिली. नंतरचें बहुतेक आयुष्य न्यूयॉर्क येथें गेलें. २०२० मध्यें लंडन येथें त्या वारल्या. फाळणीनंतर कांहीं वर्षांनीं त्यांचें माहेर कराचीस गेलें. गणित, इतिहास आणि सरहद्दीपलीकडे गेलेलें माहेर, या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुरे. याहून अधिक चरित्र चित्रांच्या आड येतें.

त्यांचें ‘डिव्हायडिंग लाइन’, म्हणजे दुभागणारी रेषा, हें काष्ठचित्र २००१ सालचें. फिकट कागद, आणि त्यावर एक काळी, वेडीवांकडी रेषा. बस्स, एवढेंच चित्र. शहर नाहीं, नदी नाहीं, उत्तर दिशेचा बाण नाहीं, देशांचीं नांवें नाहींत. पण आपल्या खंडांतल्या कोणाही शिकलेल्या माणसाला ती रेषा ओळखण्यास क्षणभरही लागूं नये. ती सिरिल रॅडक्लिफ यांची रेषा होय. हे गृहस्थ ८ जुलै १९४७ रोजीं हिंदुस्थानांत आयुष्यांत पहिल्यानेंच आले, पांच आठवड्यांत त्यांनीं पंजाब व बंगाल चिरले, आणि त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याचे सोहळे होऊन गेल्यावर दोन दिवसांनीं, लोकांना कळला. ज्या गांवीं निशाण लागलें, तें गांव कोणत्या देशांत आहे हेंच त्या दिवशीं ठाऊक नव्हतें, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं झाला.

येथें काष्ठचित्राची रीत थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण सगळें मर्म तींत आहे. लाकडाच्या फळींतून जें कोरून काढावें तें कागदावर कोरें राहतें. जें राखावें त्याला शाई लागते, तें काळें उमटतें. तेव्हां कागदावर काळी रेषा हवी असेल, तर रेषेला हात लावावयाचा नसतो. तिच्या दोन्ही अंगांचें सगळें लाकूड तासून काढावयाचें असतें. चित्र पाहणाराला वाटतें कीं, चित्रकर्त्रीनें एक फटकारा मारून ही रेषा ओढली. प्रत्यक्षांत तिनें रेषा ओढलीच नाहीं. तिनें रेषेच्या अलीकडचें आणि पलीकडचें सर्व कांहीं पटाशीनें काढून टाकलें, आणि मग जी उरली ती रेषा. रॅडक्लिफ यांचा निवाडा नेमका हाच आहे. त्यांची लेखणी कागदावर रेषा काढीत होती, असें इतिहास सांगतो. झरीनाबाईंची फळी सांगते कीं, ती लेखणी रेषेखेरीज बाकीचें सारें पुसून काढीत होती.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनीं वाच्यार्थाहून निराळ्या, मागाहून घुमणाऱ्या अर्थाला ध्वनि म्हटलें. घंटेचा टोला थांबल्यावर तिचा नाद जसा उरतो तसा. आम्हांस हें चित्र ध्वनीचें उत्तम उदाहरण वाटतें. वाच्यार्थ एका शब्दाचा: सरहद्द. पण कोऱ्या कागदाकडे पाहत राहावें, तों त्यांत तासल्या गेलेल्या गोष्टी एकेक करून आठवूं लागतात. चित्रांत प्रेत नाहीं, निर्वासितांचा तांडा नाहीं, जळतें घर नाहीं. गोयानें युद्धाच्या अनर्थांवर जीं अम्लरेखित चित्रें केलीं, त्यांत हें सगळें आहे, आणि तीं थोर आहेत यांत वाद नाहीं. परंतु गोयापुढें आपण डोळे मिटून घेतों. या चित्रापुढें डोळे मिटण्याचें कारणच पडत नाहीं, आणि म्हणून सुटकाही होत नाहीं.

आतां कोऱ्या जागेविषयीं. सर्व्हे खात्याच्या नकाशांतही कोरी जागा असते. जेथें शेत नाहीं, वस्ती नाहीं, सारा नाहीं, तेथें तो कागद पांढरा सोडलेला असतो. त्या पांढऱ्याचा अर्थ ‘येथें कांहीं नाहीं’ असा आहे. झरीनाबाईंच्या पांढऱ्याचा अर्थ ‘येथें कांहीं होतें’ असा आहे. दोन्ही कागद सारखेच कोरे. एक हक्क सांगण्यासाठीं कोरा ठेवलेला, दुसरा हानि सांगण्यासाठीं. टीकाकारानें या चित्राबद्दल दुसरें कांहींही न म्हणतां एवढें एकच दाखविलें, तरी त्याचें काम झालें असें आम्ही समजूं.

वाशीमच्या वाचकाला तर हा फरक अधिक लवकर पटावा. कारण आपला जिल्हा हीच मुळीं कागदावर काढलेली, पुसलेली आणि पुन्हा काढलेली आकृति आहे. वऱ्हाडांत पूर्वीं सत्ता होती, पण आजच्या अर्थानें रेषा नव्हती. निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती; एकाच मुलखाचा वसूल दोन धनी वांटून घेत. रयतेला त्याचा जाच किती झाला असेल तें सांगावयास नको, आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतुही नाहीं. पण दोअमली नकाशावर काढतां येत नाहीं. एका गांवाला दोन रंग देतां येत नाहींत. १८०३ मध्यें आडगांवची लढाई आणि देवगांवचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे आला. मग १८५३ च्या तहानें, कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं, निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. तेव्हांपासून सरकारी कागदांत या देशाचें नांव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असें पडलें. विदर्भ हें पुराणप्रसिद्ध नांव ज्या भूमीचें, वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी जिच्या पोटांत, तिच्या कपाळावर गहाणखताचा मथळा! १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें सालीना २५ लक्ष रुपये खंडानें कायमचा मक्ता करून घेतला, पुढल्या वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलें, आणि १९३६ मध्यें निजामाच्या युवराजांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. स्वामित्व हैदराबादचें, अंमल इंग्रजांचा, आणि नांगर कुणब्याचा.

याच व्यवहारांत बासीम नांवाचा जिल्हा निर्माण झाला, आणि १९०५ मध्यें तो मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत नकाशांत तो नाहीं. पैनगंगा मात्र होती. बऱ्याच अंतरापर्यंत हीच नदी वऱ्हाडची दक्षिण सीमा धरली गेली. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. अलीकडच्या कचेरींत मराठी दप्तर, पलीकडे हिंगोलीकडे उर्दू. अलीकडे १५ ऑगस्ट १९४७, पलीकडे १७ सप्टेंबर १९४८. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांना होत राहिल्या, आणि नदीचें पाणी उन्हाळ्यांत इतकें ओसरतें कीं, दोन राज्यांमधली सरहद्द धोतर न भिजवतां ओलांडतां येत असली पाहिजे.

पंजाबच्या रक्ताशीं पैनगंगेच्या पाण्याची बरोबरी करणें हें औचित्याला सोडून होईल, आणि तशी बरोबरी आम्ही करीत नाहीं. जात एक आहे, एवढेंच म्हणणें. कोणाच्या तरी खतावणींतील आंकडा जुळावा म्हणून दुसऱ्याच्या शिवारांतून रेषा जाते, हें दोन्हींकडे सारखेंच घडलें.

येथवर झरीनाबाईंची कला आम्हांस पुरेशी वाटते. यापुढें मात्र एक शंका सुरू होते. नकाशाला रेषेइतकेंच दुसरेंही एक हत्यार असतें, तें म्हणजे रंग आणि त्याच्या बाजूस दिलेली खुणांची यादी. वऱ्हाडांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. शेताशेताला नंबर पडला, मातीची प्रत आण्यांत ठरली. जी जमीन नांगराखालीं नव्हती ती ‘वेस्ट’ म्हणून लिहिली गेली. या एका इंग्रजी शब्दानें जें केलें तें कोणत्याही सरहद्दीनें केलें नाहीं. गुरांचें कुरण, गवताचें रान, तांड्याचा मुक्काम, सरपणाची झाडी, हें सगळें ज्या शब्दांत बसविलें तो शब्द ‘वायां गेलेलें’ असा होता. वायां गेलेल्या वस्तूचा सदुपयोग करण्यास कोण नाहीं म्हणेल? तशांत १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीमुळें लँकेशायरला कापसाचा दुष्काळ पडला. मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडांतून १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. कापसासाठीं सरकारनें स्वतंत्र कमिशनर नेमला. काळ्या मातींत जागा मिळेल तेथें कापूस चढला. राखीव रानांचेही वर्ग पाडले गेले: एक लाकूड-सरपणाचें, दुसरे गवताचे रमणे, तिसरें गुरचराईचें. लक्ष्मण सत्य या इतिहासकारांनीं १९९७ आणि २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन ग्रंथांत वऱ्हाडचा कापूस, दुष्काळ आणि गुरेंढोरें यांचा परस्परसंबंध विस्तारानें दाखविला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत कापसाच्या या श्रीमंत देशांत माणसें आणि जनावरें कशीं मेलीं, हें वाचतांना मन विषण्ण होतें. आजही आपल्याकडे गांवोगांव ‘ई-क्लास’ जमीन म्हणतात, ती सरकारी चराऊ जमीन. निरक्षर म्हातारीसुद्धां हें इंग्रजी अक्षर बिनचूक उच्चारते. जमिनीचा वर्ग सांगणारें अक्षर बोलीभाषेंत इतकें मुरलें कीं, तें परकें आहे हेंच कोणाला आठवत नाहीं.

या हानीचें चित्र रेषेनें निघत नाहीं. सरहद्द एका रात्रींत पडते. तिला तारीख असते. कुरण नाहींसें होण्याला तारीख नसते. लमाणांचे तांडे एके काळीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत नेत. आगगाडी आली आणि तो व्यापार संपला; वाट बंद झाल्याचा हुकूम कोणीं काढला नाहीं, नुसती तिच्यावरून चाल थांबली. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस आज लाखांनीं बंजारा समाज जमतो. त्यांच्या पूर्वजांच्या वाटा सरकारी नकाशांत ठळक कधींच नव्हत्या, त्यामुळें त्या पुसल्या गेल्याचीही कोठें नोंद नाहीं. झरीनाबाईंच्या पद्धतीनें येथें काय उरवावें आणि काय तासावें? ही आमची तक्रार नव्हे. ज्यानें जें वचन दिलेंच नाहीं तें त्याच्याकडून मागणें हा समीक्षेंतला अन्याय आहे. त्यांचा विषय घर हा होता, माती नव्हता. १९९९ मध्यें त्यांनीं ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही ३६ काष्ठचित्रांची मालिका केली. प्रत्येक चित्राशीं एकेक उर्दू शब्द आहे. घर, उंबरठा, दार, अंगण अशा अर्थांचे. ती पाहतांना मराठी वाचकाला मौज वाटेल कीं, त्यांतला ‘घर’ हा शब्द आपलाच आहे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तर तो चालतोच, पण पैनगंगेच्याही दोन्ही बाजूंना चालतो. आमच्या मतें ही मालिका आणि ‘डिव्हायडिंग लाइन’ हीं त्यांच्या कामाचीं दोन शिखरें होत.

त्याच्या उलट, २००३ सालची नऊ शहरांची मालिका आम्हांस तितकी उतरलेली वाटत नाहीं. सारायेवो, बगदाद, काबूल, अहमदाबाद, न्यूयॉर्क इत्यादि उद्ध्वस्त अथवा रक्तलांछित झालेल्या शहरांचे हे आराखडे. न्यूयॉर्कसाठीं नुसत्या दोन उभ्या रेषा आहेत, आणि त्या पुरतात, कारण ते दोन मनोरे सगळ्या जगानें कोसळतांना पाहिले. इतर कांहीं चित्रांत मात्र नांव झांकलें तर शहर ओळखूं येत नाहीं, आणि नांव वाचल्यावर जी कळ उठते ती चित्रानें उठविलेली नसते, वर्तमानपत्रानें उठविलेली असते. प्रत्येक शहराचें दुःख एकाच कागदाच्या मापांत बसविलें कीं दुःखांचा संग्रह होतो. संग्रह हा पुन्हा नकाशाचाच स्वभाव आहे.

मातीकडे वळावयाचें तर विदर्भांतच एक नांव घेतलें पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यांतील सास्ती या कोळशाच्या खाणीच्या गांवचे प्रभाकर पाचपुते हे १९८६ मध्यें जन्मलेले चित्रकार. त्यांच्या घरचीं माणसें खाणींत राबलेलीं. ते कोळशानें चित्रें काढतात, आणि पुष्कळदां थेट भिंतीवर काढतात. २०१२ मध्यें मुंबईस क्लार्क हाऊस येथें त्यांचें जें प्रदर्शन झालें, त्याचें नांव खाणींतल्या पिवळ्या पक्ष्यावरून घेतलें होतें. पूर्वीं विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणकामगार हा पक्षी पिंजऱ्यांतून खालीं नेत. पाचपुत्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याऐवजीं एखादें अवजार किंवा यंत्र असतें, आणि भोंवतीं उकरलेली, पोट फाडलेली जमीन. २०२१ मध्यें वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ हें पारितोषिक त्यांना इतर पांच चित्रकारांसह मिळालें. वेल्स हाही कोळशाचाच देश. सास्तीचें दुःख तेथें समजलें यांत नवल नाहीं.

पाचपुत्यांचें बळ त्यांच्या साधनांत आहे. ज्या वस्तूसाठीं जमीन फाडली, त्याच काळ्या वस्तूच्या जातीनें ते फाडलेली जमीन काढतात. झरीनाबाईंनीं लाकूड तासून जें साधलें तें यांनीं कोळसा उगाळून साधलें. वस्तूच स्वतःची साक्ष देते. फरक असा कीं, भिंतीवरचें कोळशाचें चित्र प्रदर्शनाबरोबर संपतें. तें पुसलें जातें, भिंतीला सफेती होते, आणि पुढच्या महिन्यांत तेथें दुसऱ्याचीं चित्रें लागतात. चित्राचा हा मृत्यु विषयाला साजेसा आहे हें खरें. पण साक्षीदारानें साक्ष देतां देतां मरून जावें, हें न्यायाच्या दृष्टीनें सोयीचें नाहीं. छापाचा गुण येथें आठवतो. ठसा राहतो, प्रत दुसरी निघते.

परदेशांत याच प्रश्नाशीं झगडलेल्या एका बाईंचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांपैकीं सॅलिश व कूटेनाय जमातींच्या झॉन क्विक-टू-सी स्मिथ (१९४०-२०२५) यांनीं रंगांतही काम केलें आणि शिळाछापांतही. २००० सालच्या ‘स्टेट नेम्स’ या रंगचित्रांत त्यांनीं संयुक्त संस्थानांच्या नकाशावर फक्त मूळ रहिवाशांच्या भाषांतून आलेलीं नांवें राहूं दिलीं आणि बाकीचीं रंगाखालीं बुडविलीं. वर रंग ओघळलेला आहे. सरहद्दी त्यांत विरघळूं लागल्या आहेत. झरीनाबाईंनीं रेषा ठेवून भूमि काढली. स्मिथबाईंनीं भूमीचीं नांवें ठेवून रेषा भिजवून टाकली. आमच्या ‘ई-क्लास’ला उत्तर शोधणाराला ही दुसरी वाट अधिक जवळची वाटेल, असा आमचा समज आहे.

आतां एक गोष्ट, जी कलेच्या चर्चेंत बहुधा निघत नाहीं, ती म्हणजे प्रतींची संख्या आणि किंमत. महाराष्ट्राला छापील चित्रांची आवड लावली ती पुण्याच्या चित्रशाळेनें आणि १८९४ मध्यें मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानें. थोड्या पैशांत देवादिक आणि थोर पुरुष घरोघरीं गेले. त्यांच्यामागून भारतमाता आली. अवनींद्रनाथांनीं १९०५ मध्यें ती रंगविली तेव्हां ती एकटी उभी होती, पण बाजारी छापांनीं लवकरच तिला नकाशांत बसविलें. हिमालय मुकुट झाला, सिंहल पायांशीं कमळ झालें. १९३६ मध्यें काशीस गांधीजींच्या हस्तें जें भारतमातेचें मंदिर उघडलें, तेथें तर मूर्तीच्या जागीं संगमरवरी नकाशाच आहे. परक्यांचा नकाशा त्यांच्या हातून काढून घेऊन त्याला देवत्व देणें, ही सरहद्दीवरची एक टीकाच होती, आणि ती लक्षावधि लोकांनीं आपल्या भिंतीवर लावली. तिच्यांत दोष होता तो असा: मातेचें अंग एकसंध दिसावें म्हणून आंतल्या चिरा बुजविल्या गेल्या. वऱ्हाड कोणाचें, हा प्रश्न त्या चित्रांत पदराखालीं गेला. कापसानें खाल्लेलें कुरण तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मातेचें अंग हिरवेंगार असावयाचें, हा संकेत ठरलेला.

उलट आजचीं विचारी मुद्राचित्रें मोजक्या प्रतींत निघतात, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही असते, आणि तीं संग्रहालयांत किंवा धनिकांच्या दिवाणखान्यांत जातात. छापण्याची विद्या बहुतांसाठीं जन्मली, आणि तिचा उत्तम माल थोड्यांसाठीं राखला जातो. परिणाम असा कीं, जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या शिक्षकाला किंवा वकिलाला ‘डिव्हायडिंग लाइन’ पाहावयाचें तर ग्रंथांतील तिचें छायाचित्र पाहावें लागतें. छायाचित्रांत रेषा दिसते. पण कागदांत रुतलेला लाकडाचा दाब दिसत नाहीं, आणि त्या दाबावांचून हें चित्र अर्धें आहे. आमच्या वऱ्हाडी कन्याकुमारांनीं काय पाहून शिकावें? तलाठ्याच्या दप्तरांतला गांवनकाशा मात्र मागितला तर मिळतो, आणि शेताच्या बांधावरून भाऊ भाऊ भांडूं लागले कीं तो हमखास मागितला जातो. छापील नकाशाची ही एकच प्रत आमच्या घरांघरांत मनापासून वाचली जाते.

चित्रकाराला विषय सुचविणें हा समीक्षकाचा अधिकार नव्हे. तथापि सामग्री कोठें पडली आहे एवढें सांगण्यास हरकत नसावी. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ओढीत आणणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथेंच आहे. ज्यानें सर्व देशाला काल्पनिक रेषांच्या जाळ्यांत पकडलें, त्याला शेवटीं विदर्भाच्या काळ्या मातीनें पकडलें. कारंजा-सोहोळचें काळविटांचें अभयारण्य हा जुन्या गवताळ रानाचा उरलेला तुकडा आहे. त्याच तालुक्याजवळून मुंबई-नागपूर द्रुतगति महामार्ग जातो, आणि नकाशावर तो सरळ, सुबक, जवळजवळ गर्विष्ठ दिसतो. पूर्वीं कारंज्यावरून जात असलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही चिमुकली आगगाडी विलायती कंपनीनें कापसासाठींच काढली होती. याशिवाय मंगरूळचे रमणे आहेत, अडाण आणि अरुणावती या नद्या आहेत. यांचा एकत्र ठसा अजून कोणीं काढलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

तो काढणारानें लाकूड घ्यावें कीं दगड, हा प्रश्न आम्हांस पोकळ वाटत नाहीं. सरहद्द लाकडांत शोभली, कारण पटाशीनें एकदां गेलेलें लाकूड परत येत नाहीं. शिळाछापाची रीत वेगळी. नकाशाच्या कारखान्यांत एक काम पुरें झालें कीं तोच दगड वाळू आणि पाणी घालून घासीत, जुना नकाशा जाई, आणि त्यावर नवा काढीत. एका दगडावर असे कितीएक देश येऊन गेले असतील. दगड दिसावयास तसाच राही. पण दर घासणीला तो थोडा थोडा झिजे, आणि शेवटीं इतका पातळ होई कीं दाबाखालीं तडकण्याच्या भीतीनें कारागीर त्याला खालून दुसऱ्या दगडाची पाठ लावीत. वाशीमच्या उतारावरून दर पावसाळ्यांत वाहून जाणारी माती ज्यानें पाहिली आहे, तो चित्रकार बहुधा दगड घेईल.